पाण्याचा सामू आणि नदीतला जीव



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील आपले एक सभासद सकाळी दहाच्या सुमारास गट ऑफिसात आले. एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेले बोटभर लांबीचे चार मासे. मासे मेलेले होते. म्हणाले, "साहेब, ओढ्यात मासं मेल्यात. ह्येच पाणी मोटारीनं उसाला चाललंय. उसाला काय होईल का?"

मी टेबलाच्या खणातून सामू तपासण्याचा कागद काढला, बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. साडेसातच्या खुणेशी रंग जुळला. मी मोठ्या खात्रीने सांगितले, "पाणी चांगले आहे, खुशाल द्या उसाला." त्यांनी मान हलवली, पण जाता जाता दारातून वळून म्हणाले, "पाणी चांगलंय, तर मग मासं कशानं मेलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उसाच्या जाती, लागण, खते, खोडकिडा यांवर विचारा, सांगता येईल. पाण्यातल्या जिवाचा अभ्यास आमच्या पदविकेत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या प्रयोगशाळेतील केमिस्टना बरोबर घेऊन ओढ्यावर गेलो. तिथे जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचून, विचारून समजून घेतले, ते आपणांपुढे मांडत आहे. आपल्या विहिरी, शेततळी आणि उपसा सिंचन योजना ज्या पाण्यावर चालतात, त्याच पाण्याचा हा विषय आहे.

सामू म्हणजे काय?

माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सामू' हा शब्द आपण पाहिला असेल. इंग्रजीत त्याला पी.एच. म्हणतात. पाणी किंवा माती आंबट आहे की खारट-तुरट, म्हणजेच आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे मोजण्याची ० ते १४ अशी पट्टी आहे. ७ म्हणजे मध्य. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर विम्ल. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, ताक चार-साडेचारच्या आसपास, तर चुन्याची निवळी बाराच्या पुढे असते.

ही पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. एक घर खाली उतरले की आम्लता दहापट होते. सामू ७ वरून ६ झाला तर दहापट आणि ५ झाला तर शंभरपट. म्हणून "सातचा साडेपाच झाला, त्यात काय एवढे?" असे म्हणून चालत नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच गव्हाणीपलीकडे आहे. ताज्या उसाच्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.४ असतो. म्हणजे रस मुळातच आंबटसर. तो तसाच तापवला तर आम्लामुळे साखर मोडते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि उतारा घटतो. म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात, गंधकाचा धूर देतात आणि सामू सातच्या आसपास आणून मगच रस पुढे सोडतात. ऊस शिळा झाला की रसाचा सामू आणखी उतरतो. तोडलेला ऊस लवकर गाळपास यावा म्हणून आम्ही आपल्या मागे लागतो, त्याचे एक कारण हेही आहे.

नदीला चुना कोण घालतो?

कारखान्यात रसाला चुना घालायला माणूस आहे. नदीला कोण घालतो? आपल्या नदीला चुना घालतो तो सह्याद्रीचा काळा दगड.

पावसाचे पाणी म्हणजे अगदी शुद्ध, मधले पाणी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो, कारण हवेतील कर्बवायू त्यात विरघळतो. हे पाणी काळ्या कातळावरून, मुरमातून आणि काळ्या मातीतून झिरपत जाते. जाताना ते दगडातील चुना आणि मॅग्नेशियम सोबत घेते आणि नदीत येईपर्यंत सातच्या वर गेलेले असते. वर्षानुवर्षे पाणी तापवलेल्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तो हाच. ठिबकच्या नळ्यांची छिद्रे ज्याने बुजतात, तोही हाच. आपण त्याला शिव्या देतो, पण नदीचे तेच चिलखत आहे. बाहेरून थोडे आम्ल आले तर हा विरघळलेला चुना ते मारून टाकतो आणि पाण्याचा सामू ढळू देत नाही.

मात्र हे चिलखत सगळीकडे सारखे जाड नाही. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वडगावला येईपर्यंत तो निम्म्याहून कमी होतो. घाटमाथ्यावर एवढ्या पावसाने जमिनीतील चुना हजारो वर्षे धुऊन गेलेला आहे. मागे राहिली आहे ती लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असलेली तांबडी, जांभ्याची माती. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या ओढ्यांचे आणि तळ्यांचे पाणी मऊ असते. त्याने साबणाला चांगला फेस येतो, डाळ चांगली शिजते, पण आम्ल सोसण्याची ताकद त्यात कमी. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते. तिथून कामशेत, देहू, आळंदी असे करत ती तुळापूरला भीमेला मिळते. खाली येईल तसे तिच्या पाण्यात चुन्याचे प्रमाण वाढत जाते. पवनेचेही तसेच.

हिशेब करून सांगतो. बाजारात मिळणारे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, सुमारे ३३ टक्क्यांचे, एक लिटर घ्या. मैदानी भागातील, लिटरला १०० मिलिग्रॅम चुन्याइतकी ताकद असलेल्या सुमारे पाच हजार लिटर पाण्याचे चिलखत ते संपवते. ज्या मऊ पाण्यात हीच ताकद २० मिलिग्रॅम आहे, तिथे पंचवीस हजार लिटरचे संपवते. एका लिटरची ही कथा. दहा हजार लिटरचा टँकर रात्री कोणी ओढ्यात सोडला तर काय होईल, याचा गुणाकार आपण करू शकता.

सामू उतरला की पाण्यात काय घडते?

सामू साधारण साडेसहा ते साडेआठ असेल तोवर गोड्या पाण्यातील बहुतेक जीव सुखाने जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे व वन्य जीवांसाठीच्या पाण्याला हीच मर्यादा दिली आहे, आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा असे म्हटले आहे. शेतीच्या पाण्याला मात्र ६.० ते ८.५ चालते. म्हणजे जे पाणी उसाला चालते ते माशाला चालेलच असे नाही. त्या दिवशी सभासदांना उत्तर देताना मी हा फरक विसरलो होतो.

सामू सहाकडे उतरू लागला की पहिला फटका बसतो तो गोगलगायी, शिंपले, झिंगे आणि लहान खेकडे यांना. यांची कवचे चुन्याची, ती आंबट पाण्यात बनत नाहीत आणि बनलेली झिजतात. दगडाखाली चिकटून राहणाऱ्या कीटकांच्या अळ्याही याच सुमारास नाहीशा होतात. पाच-साडेपाचच्या दरम्यान माशांची अंडी उबत नाहीत किंवा उबली तरी पिले जगत नाहीत. मोठा मासा दिसत राहतो, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. पण घरात म्हातारी माणसेच उरावीत आणि पाळणा हलू नये, तशी ती नदी असते.

पाचच्या खाली मोठे मासेही टिकत नाहीत. माशाचा कल्ला म्हणजे त्याचे फुफ्फुस आणि मूत्रपिंड एकाच ठिकाणी. आंबट पाण्यात कल्ल्यातून शरीरातील मीठ बाहेर झिरपू लागते आणि मासा मलूल होऊन मरतो. शिवाय मातीतील ॲल्युमिनियम, जे एरवी घट्ट बसलेले असते, ते साडेपाचच्या खाली विरघळून पाण्यात येते. ते कल्ल्यावर चिकट थर धरते आणि माशाला श्वास घेता येत नाही. जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियमला तोटा नाही. सामू ठीक आहे तोवर ते निरुपद्रवी आहे. घाटमाथ्याचे पाणी जपले पाहिजे, ते या दुसऱ्या कारणासाठीही.

आणखी एक गोष्ट. आंबट झालेले तळे घाण दिसत नाही, उलट काचेसारखे नितळ दिसते. कारण पाण्याला हिरवट-गढूळ करणारे सूक्ष्म जीव कमी झालेले असतात. तळाशी पडलेला पालापाचोळा कुजत नाही, कारण तो कुजवणारे जिवाणू मंदावलेले असतात. तेव्हा नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी, हे नेहमीच खरे नव्हे.

मासा उपासाने मेला

कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी काही तळी प्रयोगासाठीच राखून ठेवली आहेत. त्यांतील २२३ क्रमांकाच्या तळ्यात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून दरवर्षी थोडे थोडे गंधकाम्ल घातले. सामू सुमारे ६.८ होता, तो १९८१ पर्यंत ५ च्या आसपास आणला आणि काय काय होते ते टिपून ठेवले. सर्वांना वाटत होते की आम्लाने मोठे ट्राउट मासे मरतील. झाले निराळेच. सामू सहाच्या खाली जाताच एक जातीचा झिंगा आणि एक जातीचा बारका मासा नाहीसा झाला. ट्राउटचे पोट त्यांच्यावरच होते. मोठे मासे आम्लाने भाजून मेले नाहीत, ते अन्नावाचून हाडकुळे होत गेले आणि त्यांची नवी पिले येणे थांबले. पुढे आम्ल घालणे कमी करून सामू वर येऊ दिला तेव्हा काही मासे पुन्हा पिले देऊ लागले.

आपण शेतकरी आहोत, हे आपल्याला लगेच समजेल. वैरणच गेली तर बैल किती दिवस उभा राहील?

स्वीडन-नॉर्वेमध्ये कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरामुळे आम्लाचा पाऊस पडून हजारो तळी माशांवाचून ओस पडली. 'आम्लपर्जन्य' या गोष्टीवर रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी इंग्लंडमध्ये १८७२ सालीच पुस्तक लिहिले होते, पण जग जागे व्हायला शंभर वर्षे लागली. स्वीडनला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तळ्यांत चुना टाकण्याचे काम हाती घ्यावे लागले. तिकडचा खडक ग्रॅनाइटचा, त्यात चुना नाही. आपल्याकडे खाली काळा दगड आहे आणि हवेतील धुळीतही चुन्याचा अंश असतो, त्यामुळे पाऊस बराचसा मवाळ होतो. तेवढे आपले नशीब. मात्र आपल्याच देशात मेघालयात, जैंतिया टेकड्यांतील कोळसा खाणींच्या पाण्याने नद्या इतक्या आंबट झाल्या की त्यांत मासा उरला नाही. २०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील उंदीरबिळासारख्या खाणींवर बंदी घातली.

ओढ्यावर काय दिसले?

आता पुन्हा आपल्या ओढ्याकडे येऊ. वाहत्या पाण्याचा सामू दुसऱ्या दिवशीही साडेसातच भरला. पण काठाने दोनशे पावले वर गेल्यावर कातळात एक डबके सापडले. ओढ्याची धार आटल्याने ते मुख्य पाण्यापासून तुटलेले होते. त्यात कागद बुडवला तर साडेचार ते पाचच्या मधला रंग आला. तळाशी गोगलगायींची कवचे पडली होती. एरवी ती गुळगुळीत असतात, ही वरून खरवडल्यासारखी पांढुरकी होती. दगड उलटून पाहिले, खाली एकही अळी नाही, एकही खेकड्याचे पिलू नाही.

केमिस्ट म्हणाले, "रात्री कधीतरी आम्लाचा लोंढा येऊन गेला. वाहते पाणी सकाळपर्यंत सावरले. डबक्यात जुने पाणी अडकून राहिले, म्हणून सापडले तरी."

वर कोणी काय सोडले ते आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. पण सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. माझ्या टेबलावरच्या बाटलीने एका घटकेची साक्ष दिली होती, ओढ्यातल्या गोगलगायींनी सबंध आठवड्याची दिली. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात सामूचा आकडा लवकर सावरतो, आणि म्हणूनच तो फसवतो. आकडा काही तासांत जागेवर येतो, मेलेला जीव यायला हंगाम लागतात. पावसाळ्यानंतर त्या ओढ्यात नदीकडून बारीक मासे चढून आले. गोगलगायी मात्र हा लेख लिहीपर्यंत दिसलेल्या नाहीत.

आपल्याकडे धोका कुठून?

पहिला धोका अर्थातच चोरून सोडलेल्या रासायनिक पाण्याचा. त्याबाबत कायदा आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, त्यानुसार १९७० साली मंडळ स्थापन झाले आणि केंद्राचा कायदा १९७४ साली आला. कायदा आहे, पण रात्री ओढ्यावर राखण करायला कायदा येत नाही. तिथे गावच लागते.

दुसरा धोका आपल्या स्वतःच्या धंद्यातला आहे. तो सोडून इतरांनाच बोल लावला तर ते खोटेपणाचे होईल. साखर कारखान्याचे सांडपाणी साठून आंबले की त्याचा सामू साडेचार-पाचपर्यंत उतरतो. आसवनीतील स्पेंटवॉश, ज्याला वर्तमानपत्रांत 'मळीमिश्रित पाणी' म्हणतात, त्याचा सामू साडेतीन ते साडेचार असतो. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना असे ८ ते १५ लिटर पाणी निघते. ते नदीत गेले तर आम्ल हा पहिला घाव आणि प्राणवायू संपणे हा दुसरा. त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवण्यासाठी जिवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात आणि मासे तोंड वर काढून गुदमरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, ती छायाचित्रे आपण पाहिली असतील. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण असे काही घडले की लोकांची पहिली नजर साखर कारखान्यांकडे वळते, हे आपण ओळखून असावे.

नियमाप्रमाणे नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या मध्ये हवा, आणि स्पेंटवॉशचा तर थेंबही बाहेर जाता कामा नये. प्रेसमडवर शिंपडून त्याचे कंपोस्ट करणे किंवा आटवून जाळणे हे मार्ग आहेत. सभासद हे कारखान्याचे मालक आहेत. वार्षिक सभेत उताऱ्याचा आणि दराचा प्रश्न आपण विचारता, तसाच सांडपाण्याच्या तपासणीचा आकडाही विचारावा. कारखान्याचा नोकर म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्या पाण्याखाली सभासदांचीच शेते आहेत.

तिसरा धोका आपल्या शेतातला. अमोनियम सल्फेटच्या शंभर किलोंमुळे जमिनीत जेवढे आम्ल तयार होते, ते मारायला सुमारे ११० किलो चुना लागतो. युरियाच्या शंभर किलोंना ८० किलोच्या आसपास. काळ्या जमिनीत हे जाणवत नाही, कारण तिथे चुना भरपूर असतो. पण मावळच्या पश्चिमेकडील हलक्या, तांबड्या जमिनीत वर्षानुवर्षे हेच चालले तर जमीन आंबट होत जाते आणि तिचे झिरपणारे पाणीही. ज्या मातीत वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या 'इंद्रायणी' भाताने नाव काढले, ती माती अशी वाया जाऊ देऊ नये.

उलटी बाजूही पाहा

आता कोणी म्हणेल, आम्ल वाईट तर सामू जितका वर तितका बरा. तसेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी सामू दहाच्या आसपासचे आणि खारे आहे. त्यात विशिष्ट शेवाळ आणि जिवाणू सुखाने राहतात, पण मासा अशा पाण्यात सहसा जगत नाही.

आपल्या शेततळ्यांत हा प्रकार लहान प्रमाणात घडतो. शेतातून युरियाचे पाणी वाहून तळ्यात आले की हिरवे शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते शेवाळ पाण्यातील कर्बवायू खाते आणि दुपारी तीनच्या सुमारास सामू नऊच्या वर जातो. युरियाचाच अमोनिया पाण्यात असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना त्यातील जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ झाला की सुमारे ५ टक्के आणि ९ झाला की ३५ टक्क्यांच्या आसपास. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढते, त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासतात. मग शेतकरी म्हणतो, कोणीतरी तळ्यात विष टाकले. विष कोणी टाकलेले नसते, ते आपल्याच पोत्यातून आलेले असते.

आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत वारंवार पांढरा फेस दिसला. तो आम्लाचा आहे का, असे काही सभासदांनी विचारले. फेस हा मुख्यतः साबण-पावडर आणि न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा असतो. साबणाचे पाणी आम्लधर्मी नसते. फेस आणि जलपर्णी हा निराळा रोग आहे, पण रोगी तोच.

लोणावळ्याची महाशीर

आपल्याच तालुक्यातील एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, त्याला पाणी पुरवणाऱ्या लोणावळ्याच्या वळवण तळ्यावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र सुरू केले. महाशीर हा आपल्या नद्यांचा राजा. त्याला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तो कमी होत चालला होता. लोणावळ्यात अंडी उबवून लक्षावधी पिले वाढवली गेली आणि निरनिराळ्या राज्यांतील तळ्यांत सोडली गेली.

पण पिले सोडणे हे अर्धेच काम. अंडे आणि नुकते फुटलेले पिलू हीच माशाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक अवस्था. ज्या पाण्यात ते वाढायचे, ते पाणीच एका रात्रीत आंबट झाले तर पन्नास वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडेल. या नद्यांच्या काठाने आणि पुढे भीमेवर उजनीपर्यंत कितीतरी कुटुंबे मासेमारीवर पोट भरतात. त्यांचा शेअर कोणत्याच कारखान्यात नाही, त्यांचे भांडवल म्हणजे हे पाणी.

सभासदांनी काय करावे?

१) ठिबक संच साफ करण्यासाठी आम्ल वापरताना नेहमी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. हातमोजे व चष्मा घालावा. धुतलेले पाणी नळ्यांची टोके उघडून शेतातच पसरू द्यावे, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये. आम्लाचा रिकामा कॅन नदीवर धुऊ नये.

२) नत्र एकदम टाकू नये. सुरू उसाला एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे ४५ किलोची जवळपास पाच पोती युरिया. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे विभागून, मातीआड द्यावे. वाहून गेलेला युरिया उसाच्याही उपयोगी नाही.

३) घाटाकडील हलक्या, तांबड्या जमिनीचे माती परीक्षण करावे. सामू सहाच्या खाली असेल तर चुना किती टाकायचा ते अहवालावरून ठरवावे, अंदाजाने टाकू नये.

४) शेततळ्यात मासे असतील तर सामू दिवसातून दोनदा पाहावा, पहाटे आणि दुपारी तीनला. पाणी नितळ करण्यासाठी तुरटी भरमसाट टाकू नये, तुरटीने सामू उतरतो. मासे असताना कळीचा चुना एकदम ओतू नये. मत्स्य व्यवसाय खात्याचा सल्ला घ्यावा.

५) फवारणीचे पंप आणि औषधांच्या बाटल्या ओढ्यावर धुऊ नयेत.

६) ओढ्यात मासे मेलेले दिसले तर लगेच, त्याच घटकेला, स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावावे, वर वेळ आणि जागा लिहावी. वाहत्या पाण्याबरोबर बाजूच्या डबक्यातलेही पाणी घ्यावे. ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. ते मासे कोणी खाऊ नयेत, जनावरांना ते पाणी पाजू नये.

७) आणि सर्वांत सोपी तपासणी. महिन्यातून एकदा ओढ्यातले चार दगड उलटून पाहावेत. खाली अळ्या, गोगलगायी, खेकड्याची पिले असतील तर ओढा जिता आहे. मुलांना सांगितले तर हे काम ती आनंदाने करतील.

सामूचा कागद स्वस्त असतो, शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळतो. माझ्याकडेही असतो, कोणत्याही कामाच्या दिवशी गट ऑफिसात येऊन पाणी तपासून घ्यावे. फक्त आता मी बाटली पाहून लगेच "पाणी चांगले आहे" असे म्हणत नाही. आधी विचारतो, "ओढ्यात गोगलगायी आहेत का?"

बाटली घेऊन आलेल्या त्या सभासदांना मी नंतर घरी जाऊन सांगितले की माझे उत्तर अपुरे होते. ते हसून म्हणाले, "साहेब, ऊस तुमचा बरोबर हाय, पर वढा आमचा हाय." ओढा त्यांचा, माझा आणि आपल्या सर्वांचा आहे, एवढेच या लेखातून सांगावयाचे होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी